बाहुलीच्या घरातला पंचनामा



मागे एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "आमची पोर बारावी सायन्सला आहे. फॉरेन्सिक शिकायचं म्हणते. ते पोलिसांसारखं काम असतं का? मढी बघावी लागतात का? पोरीच्या जातीला बरं का ते?" उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण त्या प्रश्नावरून मला एका बाईची आठवण झाली. तिची हकीकत सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही, म्हणून आज इतिहासाच्या सदरात तीच घेतली आहे. विषय मरणाचा आहे. लहान मुलं जवळ बसली असतील तर त्यांना जरा खेळायला पाठवा.

आधी शब्द समजून घेऊ. फॉरेन्सिक म्हणजे न्यायाच्या कामी येणारं शास्त्र. सरकारी मराठीत त्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. गावात कुणी संशयास्पद रीतीने गेलं की "व्हिसेरा राखून ठेवलाय" असं आपल्या कानावर येतं. म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे मिठाच्या दाट पाण्यात घालून, बरण्यांना सील लावून प्रयोगशाळेत पाठवलेले असतात. अंगात विष होतं का, हे तिथे तपासतात. ते काम या शास्त्राचं. रक्ताचा डाग कुणाचा, सही खरी की खोटी, गोळी कुठल्या बंदुकीतून सुटली, मोबाइलमधून काय पुसून टाकलं, हेही त्यातच येतं.

आणि अंगठा. आपल्या आया-आज्यांनी सावकाराच्या कागदावर उठवलेला अंगठा आठवा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखायचं सरकारी कार्यालय पहिल्यांदा उभं राहिलं ते आपल्याच देशात, कलकत्त्यात, १८९७ साली. हजारो ठशांतून हवा तो ठसा चटकन सापडावा म्हणून त्यांची वर्गवारी लावायची रीत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. पुढे ती रीत जगभर गेली, पण नाव लागलं ते त्यांच्या इंग्रज साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. आजही पुस्तकात 'हेन्री पद्धत' असंच लिहितात. काम कुणाचं आणि नाव कुणाचं, हे आपल्याला काही नवं नाही.

विद्यापीठात हे शास्त्र शिकवायला सुरुवात झाली स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी, १९०९ साली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट अमेरिकेतली.

फ्रान्सिस ग्लेसनर यांचा जन्म १८७८ सालचा, शिकागोचा. वडील गडगंज श्रीमंत. पीक कापायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते भागीदार होते. अमेरिकेत शेतकऱ्याच्या हातातला विळा जाऊन यंत्र आलं, त्या काळातला हा पैसा. घरात शिक्षक यायचे आणि फ्रान्सिस व त्यांचा मोठा भाऊ जॉर्ज यांना शिकवायचे. पुढे भाऊ हार्वर्ड विद्यापीठात गेला. फ्रान्सिसबाई घरीच राहिल्या. त्यांच्या वाट्याला आलं शिवण, विणकाम, भरतकाम आणि पाहुण्यांची उठबस. १८९८ साली ब्लूवेट ली नावाच्या वकिलाशी लग्न झालं, तीन मुलं झाली. पण संसार जमला नाही. १९१४ साली घटस्फोट झाला.

हाताला मात्र कसब होतं. १९१३ साली आईच्या वाढदिवसाला त्यांनी शिकागोच्या वाद्यवृंदाची छोटी प्रतिकृती करून दिली. बाहुल्यांएवढे नव्वद वादक, प्रत्येकाच्या हातात त्याचं वाद्य. श्रीमंताघरच्या बाईचा छंद म्हणून लोकांनी कौतुक केलं असेल. या छंदातून पुढे काय निघणार आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

भावाच्या ओळखीतले एक डॉक्टर होते, जॉर्ज मॅग्राथ. बोस्टन शहरात संशयास्पद मृत्यूंची तपासणी करायचं काम त्यांच्याकडे होतं. फ्रान्सिसबाईंशी त्यांची चांगली मैत्री होती आणि कामातल्या हकीकती ते त्यांना सांगत. त्या काळी अमेरिकेच्या बऱ्याच भागांत कुणी अचानक मेलं की कारण ठरवणारा माणूस असायचा कोरोनर. तो बहुतेक ठिकाणी निवडून यायचा, आणि डॉक्टर असायलाच पाहिजे असा नियम नव्हता. आपल्याकडे उद्या मतदान घेऊन शवविच्छेदन करणारा निवडला तर कसं होईल, तसंच. पोलिसांनाही काही शिकवलेलं नसायचं. रक्तात पाय देऊन फिरायचे, प्रेत हलवायचे, वस्तू उचलून बघायचे. खून आत्महत्येत जमा व्हायचा, अपघात खुनात. निर्दोष माणूस तुरुंगात जायचा आणि मारणारा घरी बसायचा.

फ्रान्सिसबाईंनी यावर मनाशी काहीतरी पक्कं केलं. १९३१ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पैसे देऊन न्यायवैद्यक शिकवण्याची सोय उभी करून दिली. मॅग्राथ तिथले पहिले प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी आणखी देणगी दिली, १९३४ साली सुमारे हजार पुस्तकांचं ग्रंथालय दिलं. आता गंमत ऐका. ज्या महाविद्यालयाला या बाईने विभाग बांधून दिला, त्या महाविद्यालयाचं दार मुलींना पहिल्यांदा उघडलं ते १९४५ साली. म्हणजे चौदा वर्षं त्या अशा ठिकाणचा खर्च उचलत होत्या, जिथे विद्यार्थिनी म्हणून त्यांचा अर्जसुद्धा चालला नसता.

डॉक्टर तयार होऊ लागले. पण त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरच्या आधी घरात शिरतो तो पोलीस. त्याने पुरावा तुडवला की पुढचा डॉक्टर कितीही हुशार असो, त्याच्या हाती काही लागत नाही. मग पोलिसाला शिकवायचं कसं? दरवेळी खरा खून झालेल्या घरात वर्ग भरवता येत नाही. पुस्तक वाचून नजर तयार होत नाही. तिथे त्यांचा जुना छंद कामाला आला. त्यांनी बाहुल्यांची घरं करायला घेतली, प्रत्येक घरात एक मृत्यू.

फुटाला इंच, असं माप. म्हणजे खऱ्या खोलीच्या बाराव्या हिश्शाची खोली. न्यू हॅम्पशर राज्यातल्या त्यांच्या शेतवाडीवर राल्फ मोशर नावाचे सुतार होते. लाकूडकाम ते करायचे. दारं उघडणारी, कुलपं लागणारी, खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. कपडे, पडदे, अंथरुणं आणि बाहुल्या फ्रान्सिसबाई स्वतः करायच्या. बाहुलीचे पायमोजे त्यांनी टाचणीएवढ्या सुयांवर विणले. विणकाम करणाऱ्या बायांना हे काय काम आहे ते मी सांगायला नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेमका महिना, टेबलावर वर्तमानपत्र, कचऱ्याच्या डब्यात कचरा. बाहुलीच्या कातडीचा रंगसुद्धा शास्त्राप्रमाणे. माणूस मेला की रक्त अंगाच्या खालच्या बाजूला साकळतं आणि तिथे जांभळट डाग पडतो. उताणं मेलेल्याच्या पाठीवर, पालथ्याच्या छातीवर. प्रेत पालथं सापडलं आणि डाग पाठीवर असले, तर मेल्यावर कुणीतरी ते उलटं केलंय. हे सगळं त्या वीतभर बाहुलीवर दाखवलेलं असायचं.

यातलं एक घर मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचं नाव 'स्वयंपाकघर'. साल १९४४. जमिनीवर एक गृहिणी पडलेली आहे. शेगडीच्या गॅसच्या चाव्या उघड्या. दारं आतून बंद, आणि दारांच्या फटींत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले. नवऱ्याचा जबाब असा, की बायकोच्याच कामासाठी मी चारच्या सुमाराला बाजारात गेलो, दीडेक तासाने परत आलो तर दार बंद, हाकांना ओ नाही, खिडकीतून बघितलं तर ती खाली पडलेली, म्हणून पोलिसांना बोलावलं.

घाईत असलेला पोलीस काय लिहील? गॅस उघडा, दार आतून बंद, फटी कोंबलेल्या. आत्महत्या. झालं काम.

आता तुम्ही बघा. मोरीत बटाटे आहेत, अर्धे सोललेले. ओव्हनपाशी नुकता भाजून काढलेला पदार्थ आहे. इस्त्रीचं टेबल मांडलेलं आहे. ज्या बाईने जीव द्यायचं ठरवलंय ती अर्धे बटाटे सोलून ठेवेल का? कदाचित ठेवेलही. दुःखातल्या बाईचे हात सवयीने काम करत राहतात, हे आपण पाहिलेलं असतं. पण प्रश्न तर पडला पाहिजे. आणि तो प्रश्न पडायला बटाटे दिसले पाहिजेत. स्वयंपाकघर हे बाईचं, त्यात काय बघायचं, असं म्हणून जो माणूस सरळ प्रेताकडे जातो त्याला ते दिसणार नाहीत.

फ्रान्सिसबाईंचं शिकवणं नेमकं इथे होतं. त्या सांगायच्या, आल्या आल्या प्रेताकडे धावू नका. कडेने सुरुवात करा, घड्याळाच्या काट्यासारखे फिरा आणि फिरत फिरत मध्ये या. प्रत्येक घरासोबत साक्षीदाराचा जबाब लिहून दिलेला असायचा, आणि त्या बजावायच्या की जबाब खराच असेल असं धरून चालू नका. एका घरात एक तरुणी मेलेली आहे. ती मांस विकत आणायला घरातून निघालेली होती आणि चार दिवसांनी सापडली. मांसाची ती पुडी तिथेच दाखवली आहे. मांस किती दिवसांत कसं होतं, हे कुणाला जास्त कळेल, सांगा बरं.

आणखी एक गोष्ट. फ्रान्सिसबाई स्वतः हवेलीत वाढल्या, पण त्यांनी केलेली घरं बहुतेक साध्यासुध्या माणसांची आहेत. भाड्याची खोली, लाकूडतोड्याची झोपडी, शेतातलं कोठार. श्रीमंताच्या मरणाची चौकशी कशीही होतेच. गरिबाचं मरण कागदावर एका ओळीत संपतं. तशी घरं त्यांनी मुद्दाम निवडली असावीत, असं मला वाटतं.

१९४३ साली न्यू हॅम्पशरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला. अमेरिकेत असा हुद्दा मिळालेल्या त्या पहिल्याच बाई, असं मानतात. १९४५ पासून हार्वर्डमध्ये आठवडाभराचे वर्ग सुरू झाले. गावोगावचे पोलीस अधिकारी यायचे, धिप्पाड माणसं, आणि बाहुलीच्या घरासमोर हातात बॅटरी घेऊन वाकून बसायची. एका घराला नव्वद मिनिटं. मग उभं राहून काय दिसलं ते सांगायचं. सगळे त्यांना कॅप्टन ली म्हणायचे.

या गोष्टीत पैशाचा भाग मी लपवणार नाही. त्यांच्याकडे वडिलांचा पैसा नसता तर हार्वर्डने या बाईला दारातही उभं केलं नसतं. आणि १९६२ साली त्या वारल्यावर विद्यापीठाने तो विभाग पाच-सहा वर्षांत बंदही करून टाकला. घरं मात्र वाचली. ती बाल्टिमोर शहरातल्या सरकारी शवचिकित्सा कार्यालयात नेली गेली.

आता आपल्याकडे येऊ. कारण ते 'स्वयंपाकघर' बघितलं की मला आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातली वर्तमानपत्रं आठवतात. स्टोव्हचा भडका उडून सून भाजली आणि गेली, अशा बातम्या इतक्या यायच्या की लोक त्या वाचून पान उलटायचे. बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. भडकणारा स्टोव्ह सासूच्या हातात कधीच कसा भडकत नाही? १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्याकडून चौकशी, ही तरतूदही त्याच काळातली. आता कायद्याचं नाव बदललंय, कलमांचे आकडे बदललेत, तरतुदी आहेत.

पण कायदा पुराव्यावर चालतो. भाजलेल्या बाईच्या श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा ती श्वास घेत होती. काजळी नसेल, तर आगीच्या आधीच ती मेलेली असण्याचा संशय येतो. हे डॉक्टर बघतो. कपड्यात रॉकेल होतं का, हे प्रयोगशाळा सांगते. मात्र ते कपडे हवाबंद डब्यात गेले तर. उघड्यावर राहिले तर वास उडतो आणि पुरावाही उडतो. रक्ताचे कपडे याच्या उलट. ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे. ओले तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की कुजतात. एवढीशी गोष्ट माहीत नसल्याने एखादा खटला बसू शकतो.

हे शिकवायची सोय आपल्या देशात विद्यापीठात झाली १९५९ साली, मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात. मुंबईत विष तपासणारी सरकारी प्रयोगशाळा त्याच्या कितीतरी आधीची, इंग्रजांच्या काळातली. पण तिथे काम करणारे रसायनशास्त्र शिकून येत आणि बाकीचं कामावर शिकत. रुक्मिणी कृष्णमूर्ती याच वाटेने आल्या. रसायनशास्त्र शिकलेल्या या बाई मुंबईच्या प्रयोगशाळेत लागल्या आणि पुढे महाराष्ट्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या. १९९३ च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांच्या तपासातही त्यांनी काम केलं. आज मुंबई, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. मुंबईची २००९ सालची. गांधीनगरला या एकाच विषयाचं राष्ट्रीय विद्यापीठ आहे आणि गोव्यातही त्याची शाखा आहे.

तर त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. बारावी सायन्सनंतर बी.एस्सी., मग एम.एस्सी. ठसे, हस्ताक्षर, विषं, रक्त आणि डीएनए, मोबाइल-संगणक, आणि थोडा कायदा. कॉलेजात एक खोली घटनास्थळासारखी मांडून ठेवतात आणि मुलांना तपास करायला सांगतात. मढी रोज बघावी लागत नाहीत. शवविच्छेदन डॉक्टर करतात. प्रयोगशाळेतलं काम बरंचसं बरण्या, नळ्या, यंत्रं आणि अहवाल यांचं असतं. पण घटनास्थळी जावं लागलं तर जायचं मन पाहिजे आणि कोर्टात वकिलाच्या उलटतपासणीला उभं राहायची हिंमत पाहिजे. नोकरीचं खरं सांगते, सरकारी जागा थोड्या आणि भरती सावकाश. नुसती टीव्हीवरची मालिका बघून जाऊ नये. आणि सहा महिन्यांत तज्ज्ञ करून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी, पदवी कुठल्या विद्यापीठाची आणि तिथे प्रयोगशाळा आहे का, हे स्वतः जाऊन बघा.

गरज मात्र वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात असं आहे, की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. हुंडाबळीचा गुन्हा यात बसतो. म्हणजे उद्या एखाद्या वाडीवरच्या स्वयंपाकघरातही तज्ज्ञ यायला हवा. तो किंवा ती.

तोवर काय? तोवर आपल्या गावात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पोलीस यायच्या आधी अर्धा गाव घरात शिरतो. कुणी प्रेत झाकतं, कुणी अंगावरचे कपडे बदलतं, कुणी चांगल्या मनाने जमीन पुसून सारवून घेतं. तसं करू नका. जीव असेल तर आधी दवाखाना, बाकी सगळं मागे. जीव नसेल तर दार ओढून घ्या, पोलीस पाटलांना आणि ठाण्याला फोन करा आणि कुणाला आत सोडू नका.

आणि पंचनाम्याला पंच लागतात. बहुतेक वेळा चावडीवरचे दोन पुरुष उभे राहतात, लिहिलेलं ऐकतात, सही करतात. बाईने पंच होऊ नये असं कुठल्याही कायद्यात नाही. बोलावलं तर जा. परातीत पीठ मळलेलं होतं का, तव्यावर भाकरी होती का, स्टोव्हमध्ये रॉकेल किती होतं, रात्री दोन वाजता ती स्टोव्हपाशी कशाला गेली असेल, हंडा भरलेला होता की रिकामा, हे तुम्हाला दिसेल. दिसलं ते सांगा, लिहून घ्यायला लावा, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, अंगठाही उठवू नका.

बाल्टिमोरच्या कार्यालयात ती बाहुल्यांची घरं अजून आहेत आणि तपास करणारे अजून त्यांच्यापुढे बसून शिकतात. म्हणून बहुतेक घरांची उत्तरं आजही बाहेर सांगत नाहीत. त्या स्वयंपाकघरात नेमकं काय झालं ते मलाही सांगता येणार नाही. बटाटे अर्धे सोललेले आहेत, एवढं आपल्याला माहीत आहे.